किरकोळ

वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात
एकतीस वर्षं मी जमाखर्च लिहिला.
हेमांगीच्या आजाराचीही म्हणून वही घातली.
तारीख, तपशील, रक्कम.
केमो, पहिली. केमो, दुसरी.
सुया, सलाईन, रिक्षा माजिवड्यापर्यंत, जाऊन येऊन.

दुसरीनंतर तिचं तोंड आलं.
असं आलं की पाणीसुद्धा काचेसारखं लागायचं.
मलम होतं, गुळण्यांची बाटली होती,
ती हातानंच सांगायची, नको.
गुरगुट्या भात ताटलीत गार होऊन
वरून सुकत जायचा.

तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच वैद्य झाले.
सेक्रेटरीने मोबाईलवर गुळवेलीचे गुण पाठवले, सतरा.
साडूंनी काढा आणून दिला, बाटलीला लेबल नाही.
चौथ्या मजल्यावरचे पाटकर म्हणाले,
केमो म्हणजे विष हो, बंद करा.
त्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी
गेल्या श्रावणात झाली.

मी जांभळी नाक्यावर गेलो.
भाजीवाले संपतात तिथे
येऊरहून उतरलेली बारकीबाई बसते,
गोणपाटावर साली, मुळ्या, कसली कसली कांडं.
म्हटलं, गुळवेल द्या, चांगली जाड बघून.
तिने कांडं उचललं. हातातच धरून विचारलं,
"कुनाला?"
बायकोला.
"काय झालंय तिला?"
सांगितलं.
"सुया चालू हायेत?"
हो.
तिने कांडं परत गोणपाटावर ठेवलं.
"मंग ही नाय देत."

गिऱ्हाईक समोर उभं असताना
माल मागे घेणारं दुकान
मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पोटात जायाचं ते डागदरला इचारून.
त्याचं औषद आन माझं औषद
एका पोटात भांडाया लागली,
तर सोडवाया आत कोन जाईल?"

मग पाठीमागच्या टोपलीतून जाईचा पाला काढला.
"तोंडापुरता देते. चावायचा, रस फिरवायचा, थुकायचा.
गिळायचा नाय. आन हा पन इचारून."
दहा रुपये.
सुटे शोधत असताना म्हणाली,
"मी बी बीपीची गोळी घेते, सरकारी दवाखान्यातली.
डोंगरात नाय उगवत ती."

डॉक्टर तडवींनी पुडी उघडून पानं पाहिली,
आधी रक्ताचा रिपोर्ट, मग पुन्हा पानं.
"पेशी अजून कमी आहेत. दोन दिवस थांबा.
मग उकळून गार केलेल्या पाण्यात धुऊन द्या, ताजी.
आणि थुंकायचं, बाई सांगते ते बरोबर आहे."
थोड्या वेळाने, पेनाचं टोपण लावत,
"बरं झालं विचारलंत. लोक सांगत नाहीत.
आम्हीही विचारत नाही.
एक पेशंट तीन महिने गुपचूप काढा घेत होते,
त्यांचं लिव्हर..."
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं,
आणि फाईलच्या समासात, छापील रकान्यांच्या बाहेर,
मराठीत लिहिलं : जाईचा पाला.

पाचव्या दिवशी हेमांगीने विचारलं,
मेतकूट आहे का घरात?
मी डबा शोधताना दोन डबे पाडले.
सात घास. मी मोजले, सवयच आहे.

गुण कशाचा आला, देव जाणे.
मलमाचा असेल. पाल्याचा असेल.
तडवी म्हणाले, पेशी वाढल्या की
तोंड आपलं आपणही भरून येतं.
ऑडिटरने विचारलं, जमा कुणाच्या नावे,
तर माझ्याकडे पावती नाही.
पाटकर मात्र लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतात,
बघा, शेवटी झाडपाल्यानेच!
मी वहीतली केमोची पानं त्यांना दाखवत नाही.
तिसरी फेरी बावीस तारखेला आहे.

रात्री नोंद केली :
किरकोळ, जाईचा पाला, रुपये दहा.
मग, नोकरीत कधी केली नव्हती,
ती खाडाखोड केली.
'किरकोळ' खोडलं.
दुसरा शब्द सुचला नाही,
तेवढी जागा कोरी आहे.